डोंगरावरची धांव

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यांत सरोवरांचा प्रांत म्हणून ओळखला जाणारा एक लहानसा डोंगराळ मुलूख आहे. त्या मुलुखांत ग्रासमियर नांवाचें एक खेडें आहे. वर्ड्स्वर्थ कवि तेथें राहिला व तेथेंच त्याला मूठमाती मिळाली, म्हणून हें नांव इंग्रजी शिकलेल्या पुष्कळ श्रोत्यांच्या कानांवरून गेलें असेल. परंतु त्या गांवाची दुसरी एक ख्याति आहे, आणि ती काव्याशीं यत्किंचितहि संबंध नसलेली आहे. दरवर्षीं ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस तेथें खेळांची जत्रा भरते. कवि १८५० सालीं वारला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनीं, म्हणजे १८५२ सालीं, या जत्रेचा आरंभ झाला असें मानतात.

या जत्रेंत कुस्त्या असतात. पण त्या आपल्या आखाड्यांतल्यासारख्या नव्हेत. दोघे मल्ल एकमेकांच्या उजव्या खांद्यावर हनुवटी टेंकून, पाठीमागें हातांची पकड घालून उभे राहतात, आणि ज्याची पकड आधीं सुटेल किंवा अंग भुईला लागेल तो हरला. पांढरी तंग विजार आणि तिच्यावर कशिदा काढलेली मखमली चड्डी असा त्यांचा थाटाचा पोषाख. कुत्र्यांच्या शर्यतीहि असतात. बडीशेपेसारख्या उग्र वासाचें तेल लावलेलें फडकें डोंगरांतून कित्येक मैल ओढून नेतात, आणि त्या वासाच्या मागावर शिकारी कुत्रे सोडतात. आणि या सर्वांहून अधिक गर्दी जिच्यासाठीं जमते ती म्हणजे वाटाड्यांची शर्यत. ही १८६८ सालीं सुरू झाली. त्या काळीं प्रवाशांना डोंगर दाखविणें हा तेथील कित्येकांचा धंदा होता, म्हणून तिला हें नांव पडलें. धांवणारांत मेंढपाळ, खाणकामगार, शेतमजूर व शिकाररक्षक यांचाच भरणा असे.

शर्यतीचे नियम सांगावयास एक वाक्य पुरतें. मैदानांतून निघावें, समोरच्या डोंगराच्या सुमारें नऊशें फूट उंचीच्या खांद्यावरील निशाणाला वळसा घालावा, आणि पुन्हां मैदानांत यावें. मध्यें ओढा लागतो, दगडी गडगे लागतात, कमरेइतकें नेचें माजलेलें असतें, आणि वरचा भाग इतका उभा, कीं हात गुडघ्यांवर टेंकून चढावें लागतें. सारी शर्यत पाऊण घटकाहि पुरी चालत नाहीं. चांगला गडी तेरा-चौदा मिनिटांत परत येतो. परंतु ती मैदानांतून आरंभापासून अखेरपर्यंत दिसते. जत्रेला आलेली म्हातारी खुर्चीवर बसल्या बसल्या आपल्या नातवाचा ठिपका डोंगरावर कोठवर गेला तें पाहूं शकते. मोजलेल्या वर्तुळांत गरगर फिरणाऱ्या शर्यतींना हें भाग्य कधींच लाभणार नाहीं.

अशा डोंगरांना तिकडे ‘फेल’ म्हणतात. हा शब्द इंग्रजी नव्हे. हजार वर्षांपूर्वीं समुद्रामार्गें येऊन तेथें वसलेल्या नॉर्स लोकांनीं तो आणला. या धांवण्याला सडक नाहीं, आंखलेली पायवाटहि पुष्कळदां नाहीं. निशाणें ठरलेलीं, दोन निशाणांमधली वाट ज्यानें त्यानें आपल्या अकलेनें शोधावयाची. म्हणून केवळ छातीच्या भात्यावर येथें भागत नाहीं. कोणत्या ओघळींत भुसभुशीत माती आहे, पावसानंतर कोणता दगड निसरडा होतो, धुकें उतरलें म्हणजे गडगा डाव्या हाताला ठेवावा कीं उजव्या, हें ज्ञान ज्याच्या पायांत मुरलें आहे त्याचा येथें लाभ होतो. मेंढपाळ पुढें आणि शहरी खेळाडू मागें, हा प्रकार या शर्यतींत वारंवार दिसे, त्याचें हेंच कारण.

आणि खरी परीक्षा चढणींत नाहीं, उतरणींत आहे, ही गोष्ट प्रथम ऐकणाराला विचित्र वाटेल. चढतांना सगळेच दमतात, आणि दमलेल्या माणसांतलें अंतर थोडें असतें. उतरतांना मात्र भय आड येतें. साधा माणूस स्वभावतःच अंग मागें टाकतो, टाचा रोंवतो, आणि प्रत्येक पावलाला स्वतःला थांबवितो; मांड्यांचे स्नायु या थांबविण्यानेंच फाटतात. जाणता गडी अंग पुढें झोंकून, पाऊल टेंकतें न टेंकतें तोंच उचलून, घसरत्या खडींतून पाण्यासारखा वाहत येतो. रायगडच्या कड्यावरून तान्ह्या लेंकरासाठीं रात्रीं उतरून गेलेल्या हिरकणीची कथा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. ती लोककथा आहे, दप्तरांतील नोंद नव्हे. पण कडा चढण्याहून उतरणें कठीण, हा अनुभव त्या कथेच्या मुळाशीं आहे, आणि तो डोंगरांत राहणाऱ्या सर्व लोकांचा सारखाच आहे.

डोंगरावर धांवण्याची चाल किती जुनी, याचें उत्तर स्कॉटलंडमधील लोक मोठ्या अभिमानानें देतात. अकराव्या शतकांत माल्कम कॅनमोर नांवाचा राजा होता. त्याला डोंगरांतून निरोप पोंचविणारे चपळ जासूद हवे होते, म्हणून त्यानें ब्रेमार येथें क्रेग खोनिख नांवाच्या टेकडीवर शर्यत लावली, आणि मोहरांची थैली, तलवार व पट्टा असें बक्षीस ठेवलें. मॅकग्रेगर घराण्यांतील दोघे वडील भाऊ पुढें निघून गेल्यावर धाकटा धापा टाकीत आला, मागून धांवला, आणि एकेकास मागें टाकूं लागला. शेवटीं थोरल्यानें त्याचें वस्त्र धरलें. तेव्हां त्यानें तें वस्त्र त्याच्याच हातीं सोडून दिलें आणि तसाच पुढें जाऊन शर्यत जिंकली. ही दंतकथा आहे, आणि तिची गोडी दंतकथेइतकीच घ्यावी. मात्र राजाला जासूद हवे होते, हा तिच्यांतला भाग अगदीं पटण्यासारखा आहे. डाकेची गाडी व तारायंत्र येण्यापूर्वीं राज्याची बातमी माणसाच्या पायांवरच चाले. मराठी राज्यांतहि जासुदांच्या जोड्या घाट आणि नद्या ओलांडून कागद पोंचवीत. १६६० सालीं पावसाळ्यांत, रात्रीच्या अंधारांत, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे चिखल तुडवीत गेलेले मावळे हे असल्याच पायांचे होते.

ब्रेमारच्या त्याच टेकडीवर १८५० सालीं व्हिक्टोरिया राणीच्या समक्ष शर्यत झाली. राणीच्या शिकारी चाकरांपैकीं डंकन नांवाच्या एकानें साडेसहा मिनिटांत माथा गांठून ती जिंकली. पण त्या श्रमानें त्याची प्रकृति जी ढांसळली, ती पूर्ववत् झाली नाहीं, असें राणीनेंच आपल्या रोजनिशींत नमूद केलें आहे. पुढें ती चढणीची धांव बंद करण्यांत आली. राणीची भूतदया स्तुत्य खरी. परंतु डोंगरांतील लोकांनीं आपल्या गांवोगांवच्या शर्यती त्यामुळें थांबविल्या नाहींत.

याच सुमारास इंग्लंडांतील श्रीमंत मुलांच्या शाळांत रानांतून धांवण्याचा दुसरा एक प्रकार रुळत होता. दोन मुलें ससे व्हावयाचीं. त्यांनीं खांद्यावरच्या झोळींतून कागदाचे कपटे सांडीत पुढें पळावयाचें. आणि बाकीच्या मुलांनीं शिकारी कुत्रे होऊन त्या कपट्यांच्या मागावर कुंपणें, चिखल व ओढे ओलांडीत धांवावयाचें. श्रूझबरी येथील शाळेंत हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आला आहे, आणि रग्बी येथील शाळेची क्रिक गांवची धांव १८३८ पासूनची आहे. टॉमस ह्यूजच्या १८५७ सालच्या ‘टॉम ब्राउन’ या शाळकरी कथेनें हा खेळ घरोघर पोंचविला. १८६८ सालीं लंडनजवळ ‘थेम्स हेअर अँड हाउंड्स’ हा अशा धांवण्याचा पहिला क्लब निघाला. ग्रासमियरच्या वाटाड्यांची पहिली शर्यतहि त्याच सालची, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. एकाच वर्षीं एकाच देशांत रानांतून धांवणाऱ्यांचे दोन पंथ झाले. एक शिकलेल्यांचा आणि दुसरा राबणाऱ्यांचा. आणि पुढें शंभर वर्षें या दोघांनीं एका रेषेवरून धांवूं नये अशी व्यवस्था होती.

पहिल्या पंथाची एक गंमत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १८७६ सालीं एपिंगच्या अरण्यांत साऱ्या इंग्लंडची पहिली रानशर्यत भरविण्यांत आली. ३२ गडी मोठ्या उत्साहानें निघाले, आणि सर्वच्या सर्व वाट चुकले. शर्यत रद्द ठरली, आणि पहिला विजेता मिळावयास पुढचें वर्ष उजाडावें लागलें. रानशर्यत १९१२, १९२० व १९२४ या तीन ऑलिंपिक सामन्यांत होती. १९२४ सालीं पॅरिस येथें भर उन्हाळ्याच्या तलखींत ती झाली. ३८ जण निघाले आणि अवघे १५ परत आले. फिनलंडचा नुर्मी पहिला आला तो जणूं सकाळीं फेरफटका करून यावें तसा. इतरांचे हाल मात्र पाहवेनात. तेव्हांपासून ऑलिंपिकनें या शर्यतीला पुन्हां आंत घेतलें नाहीं.

आतां दुसऱ्या पंथाकडे वळावयाचें. गांवच्या जत्रेंतील धांवणाराला बक्षीस रोख मिळे. पौंड, दोन पौंड, कधीं त्याहून अधिक. आणि आठवड्याच्या मजुरीशीं ताडून पाहतां ती रक्कम त्याला लहान नव्हती. पण त्या रकमेबरोबर एक कलंक येई. १८६६ सालीं लंडनमध्यें हौशी खेळाडूंचा जो क्लब निघाला, त्याच्या नियमांत कारागीर, मजूर व कष्टकरी यांना हौशी म्हणवून घेण्याचा अधिकारच नाकारलेला होता. १८८० सालीं नवी संस्था स्थापन झाली तेव्हां हें कलम गेलें. परंतु पैशासाठीं धांवलेला किंवा तशा माणसाबरोबर धांवलेला गडी हौशी सामन्यांतून बाद, हा नियम राहिला. म्हणजे एखाद्या मेंढपाळाच्या पोरानें चौदाव्या वर्षीं गांवच्या जत्रेंत चार आण्यांचें नाणें जिंकलें, कीं पुढें तो कितीहि मोठा धांवपटू झाला तरी राष्ट्रीय सामन्याचें दार त्याला बंद. ज्याच्या घरीं खावयास आहे त्यानें चषकासाठीं धांवावें हें उदात्त, आणि ज्याला नाहीं त्यानें पैशासाठीं धांवावें हें हलकें, हा न्याय कोणत्याहि देशांत ऐकावयास बरा वाटणार नाहीं.

या कलंकाला जोडून अविश्वास येई. यॉर्कशायर परगण्यांत बर्न्सल नांवाचें नदीकांठचें एक सुंदर खेडें आहे. तेथील डोंगरशर्यत गांवच्या उत्सवांतलीच. १९१० सालीं एर्नेस्ट डॅल्झेल नांवाचा केझिककडील एक शिकाररक्षक ती १२ मिनिटें ५९.८ सेकंदांत धांवला. तो वेळ इतका विलक्षण होता, कीं लोकांनीं घड्याळावरच संशय घेतला. विशेषतः उतरणीचा वेळ माणसाच्या पायांना शक्य नाहीं, असें म्हणणारे पुष्कळ निघाले. डॅल्झेल पहिल्या महायुद्धांत कामास आला. त्याला आपली बाजू मांडण्यासाठीं पुन्हां धांवतां आलें नाहीं. दहा वर्षें गेलीं, तीस गेलीं, पन्नास गेलीं; दरवर्षीं नवे गडी त्या डोंगरावर जात, आणि तेरा मिनिटांच्या आंत कोणी येईना. जितका काळ लोटावा तितका संशय वाढावा, असा तो प्रकार झाला. अखेर १९७७ सालीं, तब्बल ६७ वर्षांनीं, फ्रेड रीव्ह्ज नांवाचा गडी १२ मिनिटें ४७.४ सेकंदांत परत आला. माणसाच्या पायांना हें शक्य आहे एवढें तरी त्या दिवशीं सिद्ध झालें. डॅल्झेलच्या बाजूचा एवढा भक्कम साक्षीदार त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं उभा राहिला.

अशाच अविश्वासाची दुसरी एक हकीकत आहे, आणि तिचा नायक आपल्या बाजूचा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला लागून स्काय नांवाचें बेट आहे. त्या बेटावर स्लिगाखन नांवाची एक जुनी धर्मशाळावजा खाणावळ, आणि तिच्यासमोर ग्लॅमेग नांवाचा शंकूच्या आकाराचा, तांबूस खडीनें भरलेला डोंगर. उंची सुमारें २,५४० फूट. खाणावळ जवळजवळ समुद्रसपाटीलाच असल्यामुळें ही उंची सगळीच्या सगळी चढावी लागते. खाणावळ व डोंगर यांच्यामध्यें नदी आणि ‘पीट’ नांवाच्या काळ्या मातीची दलदल पसरलेली आहे. पाऊल टाकावें तों घोट्यापर्यंत आंत जावें. दलदल संपली कीं एकदम उभा चढ आणि हलत्या दगडांची खडी. दोन पावलें चढावें आणि एक पाऊल खालीं घसरावें, अशी ती जागा.

१८९९ सालच्या उन्हाळ्यांत या खाणावळींत चार्ल्स ग्रॅनव्हिल ब्रूस नांवाचे लष्करी अधिकारी उतरले होते. हे पांचव्या गुरखा पलटणींतले. पुढें १९२२ व १९२४ सालच्या एव्हरेस्टवरील मोहिमांचें नेतृत्व यांनीच केलें. गुरख्यांमध्यें डोंगरावर धांवण्याच्या शर्यती लावण्याची चाल त्यांनीं मोठ्या हौसेनें वाढविली होती. उभ्या दरीकड्याला आपल्या उत्तरेकडे ‘खड्ड’ म्हणतात. त्यावरून इंग्रज अधिकारी त्या शर्यतींना ‘खड्ड-शर्यत’ म्हणूं लागले. त्यांच्याबरोबर हरकबीर थापा हा गुरखा शिपाई होता. हा साधासुधा गडी नव्हे. १८९२ सालीं कॉन्वे यांच्याबरोबर काराकोरमच्या हिमनद्यांवर गेलेल्या गुरख्यांपैकीं तो एक होता.

हरकबीर खाणावळीच्या दारांतून निघून ग्लॅमेगचा माथा गांठून परत आला, आणि त्याला लागलेला वेळ ब्रूस यांनीं मोठ्या कौतुकानें चारचौघांत सांगितला. त्या बेटावरील मॅक्लाउड घराण्याच्या प्रमुखांच्या कानीं तें गेलें. त्यांच्या पूर्वजांनीं कित्येक शतकें त्या डोंगरांत काढलेलीं. तेथील शिकारी नोकर आणि मेंढपाळ यांची चपळाई त्यांना ठाऊक. परदेशांतून आलेल्या एका बुटक्या शिपायानें, प्रथमच पाहिलेला डोंगर, इतक्या थोडक्या वेळांत चढून उतरावा, हें त्यांना पटलें नाहीं. आणि तें त्यांनीं बोलूनहि दाखविलें.

तेव्हां हरकबीर पुन्हां धांवला. या खेपेस पाहणारे होते आणि घड्याळ होतें. त्याच्या पायांत कांहींच नव्हतें. दलदलींतून, नदींतून, आणि धारदार खडींवरून तो अनवाणी गेला. ३७ मिनिटांत माथा आणि तेथून १८ मिनिटांत खालीं, मिळून ५५ मिनिटें. मॅक्लाउड यांच्या शंकेला याहून सभ्य उत्तर देणें कोणाला साधलें नसतें. हरकबीरनें वाद घातल्याचें कोठें ऐकिवांत नाहीं. त्याची भाषा त्या बेटावर समजणारेहि ब्रूस यांच्याखेरीज थोडेच असतील. त्यानें जें सांगावयाचें तें पायांनीं सांगितलें.

हा पराक्रम ज्या जातीच्या पायांचा, ती जात आपल्या घरीं नेपाळांत उभ्या उतारावर पाण्याच्या घागरी आणि धान्याचीं ओझीं वाहूनच वाढलेली. आजहि ब्रिटिश फौजेंत जाऊं इच्छिणाऱ्या गुरखा तरुणांना पोखऱ्याजवळच्या डोंगरांत ‘डोको’ नांवाची ओझ्यानें भरलेली टोपली, कपाळाच्या पट्ट्यानें पाठीवर पेलून, सुमारें पांच किलोमीटर चढ वेळेंत पार करून दाखवावा लागतो. निवडीची ही रीत कोणा साहेबाच्या डोक्यांतून निघाली असली, तरी टोपली, पट्टा आणि चढ हीं तिघेंहि त्या मुलुखाचींच आहेत.

याच्याशीं ताडून पाहावी अशी एक गोष्ट पुण्यांत घडली आहे. डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ सालीं स्थापन झाली. पुढें सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष झाले, आणि संस्थेच्या धांवण्याच्या सामन्यांत त्यांना जें दिसलें त्याचें वर्णन त्यांनीं एका पत्रांत करून ठेवलें आहे. धांवणारे बहुतेक शेतांत राबणाऱ्या कुणब्यांचे मुलगे होते, पाश्चात्य नियमांची त्यांना माहिती नव्हती, शिक्षण तर मुळींच नव्हतें, खाणेंपिणें यथातथाच. असे ते मुलगे खडीच्या सडकेवरून अनवाणी सुमारें पंचवीस मैल धांवले, आणि त्यांचा वेळ युरोपांतील नांवाजलेल्या धांवपटूंच्या वेळाजवळ जाणारा होता. याच दर्शनांतून १९२० सालच्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांना हिंदुस्थानचा चमू धाडण्याची कल्पना निघाली. बेळगांवकडील फडेप्पा चौगुले यांनीं तेथें ४२ किलोमीटरांहून लांब अशी मॅरथॉनची धांव २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी केली आणि १९ वा क्रमांक मिळविला. त्यांच्याबरोबर सदाशिव दातार हेहि त्या शर्यतींत उतरले होते. येथें विशेष हें, कीं त्या मुलांच्या अनवाणी पायांवर अविश्वास दाखविणारा कोणी न भेटतां विश्वास ठेवणारा भेटला, आणि त्यामुळें त्यांच्या वेळाची नोंद जगाच्या दप्तरांत झाली. गांवोगांवच्या जत्रांतून धांवलेल्या इतर किती पायांची नोंद कोठेंच झाली नसेल, याची गणति करणें व्यर्थ आहे.

ब्रिटनमधील सर्वांत उंच पहाड जो बेन नेव्हिस, त्यावर धांवण्याचा आरंभहि असाच एका गांवकऱ्यानें केला. माथ्यावर १८८३ सालीं वेधशाळा बांधली गेली, आणि तिच्यासाठीं तट्टांची वाट झाली. १८९५ सालीं फोर्ट विल्यम गांवांतील विल्यम स्वान नांवाचा एक दुकानदार गांवांतून निघून माथ्याला शिवून २ तास ४१ मिनिटांत परत आला. १८९८ सालीं पहिली रीतसर शर्यत झाली. दहा गडी उतरले, आणि ह्यू केनेडी नांवाचा एकवीस वर्षांचा शिकाररक्षक पहिला आला. स्त्रियांना मात्र या शर्यतींचीं दारें फार काळ बंद राहिलीं. त्यांच्या शरीराला हा ताण सोसवणार नाहीं, असें पुरुष आपसांत ठरवून बसले होते. १९५५ सालीं कॅथलीन कॉनाकी नांवाच्या सोळा वर्षांच्या मुलीनें तोच पहाड ३ तास २ मिनिटांत चढून-उतरून दाखविला. तरीहि नियम ढिले व्हावयास आणखी वीस-एक वर्षें लागलीं. डोंगरांतील बायका पिढ्यान् पिढ्या डोक्यावर भारे घेऊन तेच चढ चढत होत्या, हें त्या नियम करणारांना दिसलें नाहीं असें म्हणवत नाहीं. पाहावयाचें नव्हतें इतकेंच.

बक्षिसासाठीं धांवणारे आणि हौसेनें धांवणारे यांमधील भिंत हळूहळू खचली. त्याचें श्रेय कोणा एका संस्थेस देतां येणार नाहीं. १९३२ सालच्या जून महिन्यांत केझिक येथें पाहुण्यांची खाणावळ चालविणारा बॉब ग्रॅहम नांवाचा गृहस्थ चोवीस तासांच्या आंत ४२ शिखरें चढून-उतरून आला. त्याला ना रोख बक्षीस होतें ना चषक. आणि त्याच्या या फेरीची बरोबरी करावयास दुसरा माणूस १९६० सालींच निघाला. ग्रासमियरला कॉल्डबेकच्या बिल टीस्डेलनें एकंदर ११ वेळां पहिला नंबर पटकाविला. १९७० सालीं डोंगरावर धांवणारांची स्वतंत्र संस्था निघाली, आणि शतक संपतां संपतां, रोख बक्षीस घेणारा व न घेणारा असा भेद धांवण्याच्या जगांतून जवळजवळ नाहींसा झाला.

या धांवणारांत ज्याचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे तो जॉस नेलर वॉसडेल खोऱ्यांतला मेंढपाळ. १९३६ सालीं जन्मला आणि २०२४ सालीं वारला. लहानपणींच पाठ दुखावल्यामुळें वैद्यांनीं त्याला जड कामाला नालायक ठरविलें होतें. तो मेंढ्या राखीत राहिला, आणि विजार कापून अर्धी करून, कामाचेच जोडे घालून पहिल्या शर्यतींत उतरला असें सांगतात. १९७५ सालीं त्यानें चोवीस तासांच्या आंत ७२ शिखरें पालथीं घातलीं. म्हातारपणींहि त्याच्या खोऱ्यांत धांवणारा कोणी दिसला, कीं हा वाटेवर पाणी घेऊन उभा असे.

आज गांवोगांवच्या या शर्यतींची संख्या मोठी आहे. मैलागणिक निदान २५० फूट चढ असेल ती सर्वांत कठीण प्रतीची, अशी त्यांची वर्गवारीहि झाली आहे. कंबरेला शिटी, होकायंत्र व पावसाचा अंगरखा बांधल्यावांचून कित्येक शर्यतींत निघूं देत नाहींत. धुक्यांत माणसें दगावलीं, त्यांतून हा शहाणपणा आला. बाकी रीत जुनीच आहे. गांवच्या सभागृहांत नांव नोंदवावें, थोडकी वर्गणी द्यावी, धांवून यावें, आणि चिखलानें माखलेल्या पायांनींच चहा व गोड भाकरी खाण्यास बसावें. पहिला आलेला आणि शेवटचा आलेला एकाच बांकावर बसतात. पोलीस, शिक्षक, गवळी, डॉक्टर यांच्या अंगावर तेथें एकाच रंगाचा चिखल असतो.

स्काय बेटावरहि अशी शर्यत उन्हाळ्यांत होते. ती स्लिगाखनच्या त्याच खाणावळीपासून निघते, तीच दलदल ओलांडते, आणि ग्लॅमेगच्या माथ्यावरून त्याच खडींतून खालीं उतरते. खिळ्यांच्या तळव्याचे खास जोडे घालून धांवणारे अव्वल गडी पंचेचाळीस मिनिटांच्या आसपास परत येतात. पंचावन्न मिनिटांच्या आंत येणें आजहि त्यांतल्या थोड्यांनाच साधतें, आणि अनवाणी कोणी निघत नाहीं.